लॉनवरील विवाह (वऱ्हाड)

लॉनवरील विवाह म्हणजे बंदिस्त सभागृहाऐवजी हिरवळीच्या मोकळ्या मैदानात, बागेत किंवा आमराईत पार पडणारा विवाहसमारंभ होय. त्याला उद्यानविवाह असेही म्हणता येते. महाराष्ट्राच्या वऱ्हाड विभागात, विशेषतः अमरावती आणि अकोला या शहरांच्या परिसरात, अशा समारंभांसाठी भाड्याने मिळणाऱ्या मैदानाला बोलीभाषेत नुसते 'लॉन' म्हटले जाते. साधारणपणे त्यात हिरवळ, व्यासपीठ, काही खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि वाहनतळ यांचा समावेश असतो. अनेक लॉनला लहान सभागृहही जोडलेले असते.

या प्रकारच्या विवाहात स्थळ आणि सजावटीची संकल्पना हे दोन निर्णय एकमेकांवर अवलंबून असतात. वऱ्हाडातील कडक उन्हाळा, काळी माती, पाण्याची टंचाई आणि शेतीच्या हंगामाला जोडलेली लग्नसराई यांमुळे येथे आधी तिथी, नंतर स्थळ आणि शेवटी संकल्पना असा क्रम व्यवहार्य ठरतो. हा क्रम उलटल्यास खर्च वाढतो आणि पाहुण्यांची गैरसोय होते.

नाव आणि संज्ञा

मराठीत 'वऱ्हाड' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ प्रदेशवाचक असून त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे येतात. दुसरा अर्थ लग्नासाठी निघालेली मंडळी असा आहे. त्या मंडळींना वऱ्हाडी म्हणतात आणि प्रदेशातील रहिवाशांनाही वऱ्हाडीच म्हणतात.

लग्नाशी संबंधित काही शब्द विदर्भात विशेष रूढ आहेत. वाङ्निश्चयाच्या समारंभाला 'साक्षगंध' म्हणतात. वराकडील मंडळींच्या उतरण्याच्या जागेला 'जानोसा' किंवा 'जानवसा' म्हटले जाते. मंडप, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या आणि भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला 'बिछायत केंद्र' असे नाव आहे. लॉन ठरवताना जानोशाची सोय त्याच आवारात आहे की वेगळी करावी लागेल, हा प्रश्न आजही प्रथम विचारला जातो.

पार्श्वभूमी

पौराणिक संदर्भ

प्राचीन विदर्भाच्या राजकन्यांचे विवाह संस्कृत वाङ्मयात वारंवार येतात. नल-दमयंतीचे स्वयंवर, अज-इंदुमतीचे स्वयंवर आणि रुक्मिणीहरण या कथा त्यांपैकी होत. भीष्मक राजाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, अशी परंपरेची धारणा आहे. विवाहापूर्वी देवीदर्शनास आलेल्या रुक्मिणीचे श्रीकृष्णाने हरण केले, ते देवीस्थान म्हणजे अमरावतीचे अंबादेवी मंदिर, असेही स्थानिक श्रद्धा सांगते.

मांडवापासून लॉनपर्यंत

उघड्यावरील लग्न वऱ्हाडात नवीन नाही. वधूच्या घरापुढील अंगणात किंवा गावातील मोकळ्या जागेत मांडव घालून लग्न लावण्याची पद्धत पूर्वीपासून आहे. मुहूर्तमेढ रोवल्यानंतर बांबू-बल्ल्यांच्या सांगाड्यावर आंबा, जांभूळ यांसारख्या झाडांच्या हिरव्या फांद्या टाकल्या जात. या फांद्या आणण्याच्या विधीला 'मांडवडहाळे' म्हणतात. दाट पानांमुळे ऊन अडत असे आणि हवा खेळती राहत असे. मांडवाचे सामान गावातील लोकांच्या शेतातून येत असल्याने सजावटीचा वेगळा खर्च होत नसे.

शहरे वाढली तशी घरापुढील अंगणे लहान झाली आणि लग्ने मंगल कार्यालयांत होऊ लागली. त्यानंतर शहरांच्या सीमेवर, मोठ्या रस्त्यांलगत लॉन उभी राहिली. वाहने लावण्यास जागा, मोठा जनसमुदाय सामावून घेण्याची क्षमता आणि सायंकाळच्या रोषणाईस मिळणारा वाव ही त्यांची मुख्य कारणे होत.

या बदलात मांडवाचा एक गुण मात्र मागे पडला. मांडव ही मुळात सावलीची रचना होती, तर लॉन ही मोकळ्या आकाशाची रचना आहे. त्यामुळे दुपारी लागणारी लग्ने लॉनवर आली, तेव्हा समारंभ सायंकाळकडे सरकला. सूर्यास्ताच्या वेळचा गोरज मुहूर्त लॉनवरील समारंभास सोयीचा ठरतो. दुपारचा मुहूर्त असल्यास लग्न लॉनला जोडलेल्या सभागृहात लावून स्वागत समारंभ रात्री हिरवळीवर ठेवण्याचा पर्याय राहतो.

कोविड-१९ साथीच्या काळात मोकळ्या जागेला वेगळे महत्त्व आले. जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खुली लॉन व वातानुकूलन नसलेली सभागृहे येथे ५० व्यक्तींच्या मर्यादेत विवाहास परवानगी दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोला परिसरात रुग्णसंख्या वाढल्याने टाळेबंदी लागू झाली आणि समारंभांवर पुन्हा कडक मर्यादा आल्या.

हवामान आणि लग्नसराई

हिंदू पंचांगानुसार कार्तिक महिन्यातील तुळशीविवाहानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागेपर्यंत चालतात. मध्ये पौष महिना तसेच गुरू आणि शुक्र यांच्या अस्ताचा काळ टाळला जातो. ग्रामीण वऱ्हाडात याला शेतीचे वेळापत्रक जोडलेले असते. कापसाची वेचणी व विक्री आणि तुरीची काढणी झाल्यावर हातात पैसा येतो. मृगाच्या पेरणीआधी शेतकरी कुटुंबास सवड असते आणि शाळांनाही सुट्या असतात. त्यामुळे एप्रिल आणि मे या सर्वाधिक उष्ण महिन्यांतच मोठ्या संख्येने लग्ने होतात.

उन्हाळा: मे महिन्यात अकोला व अमरावती येथे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर राहते आणि काही दिवस ते ४५ अंशांपर्यंत किंवा त्याहून अधिक जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार प्रत्यक्ष कमाल तापमान ४५ अंशांवर गेल्यास उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र उष्णतेची लाट मानली जाते. मे महिन्याच्या मध्यास सूर्यास्त सायंकाळी सातच्या सुमारास होतो. त्यानंतरही तापलेली जमीन आणि फरशी बराच वेळ उष्णता सोडत राहते. म्हणून या काळात पाहुण्यांची बैठक रात्री आठनंतर ठेवणे अधिक सुसह्य असते. वाळ्याच्या ताट्यांचे कूलर मोकळ्या मैदानात मर्यादित अंतरापर्यंतच उपयोगी पडतात.

हिवाळा: नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ दिवसाच्या उद्यानविवाहास सर्वांत अनुकूल असतो. दुपारचे ऊन सोसवते. मात्र डिसेंबरमध्ये सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो आणि रात्री थंडी वाढते. वृद्ध आणि लहान मुलांसाठी आडोशाची गरज भासते.

अवकाळी पाऊस: फेब्रुवारी ते एप्रिल या काळात विदर्भात वादळी वारा, अवकाळी पाऊस आणि गारपीट होण्याचा संभव असतो. मे महिन्याच्या अखेरीस व जूनमध्ये पूर्वमोसमी वादळे येतात. उघड्या मैदानावरील उंच कमानी, लोखंडी सांगाडे आणि प्रकाशझोतांचे खांब अशा वाऱ्यात कोसळू शकतात.

स्थळाची निवड

जमीन

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या सपाट भागात काळी, चिकणमातीयुक्त जमीन आहे. ही माती ओली झाल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते. त्यामुळे लॉनची पाहणी करताना केवळ हिरवळ पाहणे पुरेसे नसते. पाऊस पडून गेल्यावर पाणी कोठे साचते, वाहनतळावर मुरूम किंवा गिट्टी टाकलेली आहे काय आणि स्वयंपाकाच्या जागेपर्यंत पक्का रस्ता आहे काय, हे तपासावे लागते. काळ्या मातीच्या वाहनतळावर एका सरीनंतरही मोटारी रुतून बसतात. भेगाळलेल्या किंवा भिजलेल्या जमिनीत मंडपाच्या खुंट्यांची पकड सैल होते.

पाणी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत भूजल खारट आहे. या भागास खारपाण पट्टा म्हणतात. येथील विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी पिण्यास आणि बागायतीस योग्य नसते. अकोला शहरास काटेपूर्णा धरणातून आणि अमरावती शहरास अप्पर वर्धा धरणातून पाणीपुरवठा होतो. लग्नसराईचा कळस आणि धरणांतील साठ्याचा तळ हे दोन्ही एकाच काळात येतात.

हिरवळीची पाण्याची गरज पुढील हिशेबाने लक्षात येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी देणे होय. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दररोज पाच मिलिमीटर पाणी दिल्यास एक एकर हिरवळीस सुमारे २०,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर लागतात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी ठरवलेल्या दरडोई दररोज ५५ लिटर या निकषाने हे पाणी सुमारे ३६० माणसांच्या एका दिवसाच्या गरजेइतके आहे. एप्रिल-मे महिन्यांतील बाष्पीभवन पाहता गरज याहून अधिक असू शकते.

यामुळे उन्हाळ्यातील समारंभासाठी मोठ्या हिरवळीपेक्षा जुन्या वृक्षांची जागा अधिक उचित मानता येते. कडुनिंब, चिंच, वड आणि आंबा ही झाडे वेगळे पाणी न देताही सावली देतात. हिरवळ ठेवायचीच असल्यास हरळीसारखे पाण्याचा ताण व काही प्रमाणात क्षार सहन करणारे गवत तग धरते. पिण्याच्या पाण्याचा स्रोत मात्र स्वतंत्रपणे विचारावा लागतो. १,००० पाहुण्यांसाठी दरडोई तीन लिटर धरले तरी पिण्यासाठीच ३,००० लिटर पाणी लागते. स्वयंपाक, भांडी आणि स्वच्छतागृहे यांचे पाणी त्याहून वेगळे असते.

क्षेत्रफळ आणि मांडणी

खुर्च्यांच्या रांगांसाठी प्रतिव्यक्ती सुमारे १० चौरस फूट आणि टेबलाभोवतीच्या बैठकीसाठी १२ ते १५ चौरस फूट जागा धरली जाते. व्यासपीठ, भोजनाची जागा, येण्याजाण्याच्या वाटा आणि स्वयंपाकघर यांसाठी वेगळी जागा लागते. स्वागत समारंभास सर्व पाहुणे एकाच वेळी उपस्थित नसतात. मात्र लग्न लागताना आणि पंगतीच्या वेळी गर्दी एकवटते, म्हणून जागेचा हिशेब त्या वेळेनुसार करणे योग्य ठरते.

व्यासपीठ पश्चिमेस असल्यास मावळतीचे ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर येते आणि पूर्वेस असल्यास ते नवरदेव-नवरीच्या डोळ्यांवर येते. गोरज मुहूर्ताच्या लग्नात व्यासपीठ उत्तर किंवा दक्षिण बाजूस ठेवल्यास दोन्ही टळते. धूर आणि ठिणग्या बैठकीकडे येऊ नयेत यासाठी स्वयंपाकाची जागा वाऱ्याच्या उलट बाजूस ठेवली जाते. हिरवळीवर चाकाची खुर्ची सहज चालत नाही. त्यामुळे प्रवेशद्वारापासून व्यासपीठ, भोजन आणि स्वच्छतागृहापर्यंत एक तरी पक्की, पायऱ्या नसलेली वाट आवश्यक असते.

स्थळाचे प्रकार

व्यावसायिक लॉन: सभागृह, खोल्या, वीज आणि वाहनतळ एकाच ठिकाणी मिळतात. पाऊस आल्यास सभागृहाचा आधार असतो. व्यस्त मुहूर्तावर एकाच रस्त्यावरील अनेक लॉनवर लग्ने असल्यास वाहतूक खोळंबते आणि शेजारच्या लॉनचा आवाज मंगलाष्टकांत मिसळतो.

शेत किंवा घरचे अंगण: भाडे द्यावे लागत नाही आणि गावातील वृद्धांना प्रवास करावा लागत नाही. मात्र मंडप, जनित्र, पाणी आणि फिरती स्वच्छतागृहे यांची सोय स्वतः करावी लागते. विजेसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते.

संत्रा बाग: अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी, अचलपूर आणि चांदूर बाजार हे तालुके संत्र्यासाठी प्रसिद्ध आहेत. बागेत साधारणपणे ६ × ६ मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी सुमारे २७७ झाडे असतात. दोन ओळींतील जागा मोठ्या बैठकीस अपुरी पडते. शिवाय गर्दीने माती दबते आणि झाडांच्या वरच्या थरातील मुळांना व ठिबक सिंचनाच्या नळ्यांना इजा पोहोचते. म्हणून लग्न बागेलगतच्या मोकळ्या जागेत लावून बागेचा उपयोग पार्श्वभूमी म्हणून करणे श्रेयस्कर असते. बागेत नुकतीच औषध फवारणी झालेली नाही, याची खात्री करणेही आवश्यक असते.

चिखलदरा: सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेतील हे थंड हवेचे ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंचीवर असून अमरावतीहून परतवाडा मार्गे घाटरस्त्याने तेथे जावे लागते. मैदानी भागापेक्षा तेथील उन्हाळा सौम्य असतो. तथापि निवासाच्या खोल्या मर्यादित आहेत, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते आणि परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. मोठा आवाज, प्रखर प्रकाशझोत आणि फटाके तेथे अनुचित ठरतात. मोजक्या पाहुण्यांच्या समारंभासच हे ठिकाण मानवते.

संकल्पनेची निवड

सजावटीची संकल्पना, जिला व्यवहारात 'थीम' म्हणतात, ती रंग, फुले, कमान, व्यासपीठ, पत्रिका आणि भोजनाची मांडणी यांना एकत्र बांधणारी कल्पना असते. मोठ्या शहरांतील किंवा चित्रपटांतील सजावटीचे अनुकरण करताना राजवाड्याची कमान, परदेशी फुले किंवा कृत्रिम धबधबा यांची निवड केली जाते. वऱ्हाडाच्या उन्हाळ्यात नाजूक कापलेली फुले काही तासांत कोमेजतात आणि ती दूरवरून आणावी लागतात. त्याऐवजी ऋतू आणि परिसर यांतून घेतलेली संकल्पना स्वस्त पडते व टिकते.

झेंडू आणि शेवंती: दसरा-दिवाळीपासून हिवाळ्यापर्यंत ही फुले मुबलक असतात. तुळशीविवाहानंतरच्या पहिल्या मुहूर्तांस ती अनुरूप आहेत.

कापूस: नोव्हेंबर ते जानेवारी या काळात शेतात फुटलेली बोंडे मिळतात. बोंडांसह वाळलेल्या पऱ्हाट्या, खादीचे कापड आणि पांढरा व मातकट रंग यांतून साधी सजावट होते. कापूस पटकन पेट घेत असल्याने समया, होमकुंड आणि विजेच्या तप्त दिव्यांपासून तो दूर ठेवावा लागतो.

संत्रा: आंबिया बहराची फळे साधारणतः ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहराची फळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. सजावटीत वापरलेली फळे नंतर पाहुण्यांना देता येतात.

पळस आणि बहावा: फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस केशरी फुलांनी बहरतो. एप्रिल-मे महिन्यांत बहाव्याचे पिवळे घोस आणि मेमध्ये गुलमोहराची लाल फुले दिसतात. झाडे तोडण्याऐवजी ती ज्या आवारात आहेत ते आवारच स्थळ म्हणून निवडणे हा या संकल्पनेचा मुख्य आधार असतो.

हिरवा मांडव: आंब्याची पाने, केळीचे खांब, बांबू आणि सुती कापड यांचा पारंपरिक मांडव उन्हाळ्यात सावलीही देतो. मेळघाटातील कारागिरांनी केलेल्या बांबूच्या टोपल्या आणि सूप यांचा वापर आहेर आणि फळे ठेवण्यासाठी करता येतो.

संकल्पना ठरवताना पाहुण्यांवर वेशभूषेचा भार पडणार नाही, हेही पाहिले जाते. विशिष्ट रंगाचे कपडे सर्वांनी घालावेत ही अपेक्षा जवळच्या नातलगांपुरती ठेवल्यास इतरांना नवीन कपड्यांचा खर्च करावा लागत नाही.

प्रकाशयोजना हा संकल्पनेचाच भाग असतो. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत प्रखर पांढऱ्या दिव्यांकडे कीटक मोठ्या संख्येने येतात. भोजनाच्या जागी सौम्य पिवळसर दिवे आणि दूर अंतरावर उंच, प्रखर दिवे लावल्यास हा उपद्रव कमी होतो.

विधी आणि स्थळ

स्थळाची मांडणी विवाहपद्धतीनुसार बदलते. वैदिक पद्धतीच्या विवाहात अंतरपाट, मंगलाष्टके, होम आणि सप्तपदी यांसाठी व्यासपीठावर किंवा त्याच्या शेजारी वाऱ्यापासून सुरक्षित, वर उघडी असलेली जागा लागते. कापडी छताखाली होम करणे धोक्याचे असते.

बौद्ध विवाहात बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमा मध्यवर्ती असतात. त्रिशरण, पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा यांनी विधी होतो. वधूवर बहुधा पांढरी वस्त्रे परिधान करतात. मुहूर्ताचे बंधन नसल्याने सोयीची तारीख आणि थंड वेळ निवडता येते.

सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाची ही पद्धत पुढे वऱ्हाडातही पोहोचली. पुरोहिताविना आणि अल्प खर्चात होणाऱ्या या विवाहास मोठ्या व्यासपीठाची गरज नसते. मुस्लिम विवाहात निकाह आणि वलीमा यांसाठी तसेच स्त्री-पुरुषांच्या बैठकीसाठी वेगवेगळ्या जागा लागू शकतात.

भोजन

वऱ्हाडातील लग्नात पारंपरिक भोजन पंगतीचे असते. वरण-भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी किंवा जिलेबी आणि मठ्ठा हे पदार्थ त्यात येतात. लॉनवर पंगतीऐवजी उभ्याने जेवण्याची 'बफे' पद्धत रूढ झाली आहे. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेले दूध, खवा आणि दही यांचे पदार्थ लवकर खराब होतात व अन्नविषबाधेचा धोका संभवतो. म्हणून असे पदार्थ थोड्या प्रमाणात, बर्फावर ठेवून वाढले जातात. वृद्धांसाठी निदान एक बसून जेवणाची पंगत ठेवण्याची प्रथा काही कुटुंबे आवर्जून पाळतात.

कायदेशीर बाबी

ध्वनी: ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई आहे. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचे किमान १०० मीटर अंतर शांतता क्षेत्र असते. बंद सभागृहात रात्री दहानंतर काही सवलत मिळते, ती उघड्या लॉनला लागू होत नाही. वरात उशिरा पोहोचल्यास कार्यक्रमाचा वेळ याच कारणाने कमी होतो.

प्लास्टिक: महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून अनेक प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंवर बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, फुग्यांच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर बंदी आली. थर्माकोलच्या अक्षरांची आणि कमानींची सजावट त्यामुळे नियमबाह्य ठरते.

अग्निसुरक्षा: महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ या विषयास लागू आहे. मंडपास एकाहून अधिक बाहेर पडण्याचे मार्ग असणे, गॅस सिलिंडर आणि जनित्र मंडपापासून दूर ठेवणे आणि अग्निशामक साधने हाताशी असणे या प्राथमिक अपेक्षा आहेत.

जमीन: शेतजमिनीवर कायमस्वरूपी व्यावसायिक लॉन उभारताना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील अकृषक वापराच्या तरतुदी लागू होतात.

वय आणि नोंदणी: बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार मुलाचे वय २१ आणि मुलीचे वय १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. बालविवाह लावणारे व त्यास साहाय्य करणारेही शिक्षेस पात्र ठरू शकतात. त्यामुळे स्थळाचे आरक्षण करताना वयाचा पुरावा मागणे उचित ठरते. विवाहाची नोंदणी महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८ अन्वये होते.

लेखी करारात भाड्याची मुदत, अनामत रक्कम, वीज व जनित्राच्या इंधनाचा खर्च, सफाई, बाहेरचा आचारी आणण्याची मुभा, पाऊस आल्यास सभागृहाचा वापर आणि तारीख रद्द झाल्यास परतावा यांचा उल्लेख असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.

सामाजिक संदर्भ

लग्नावरील खर्च हा वऱ्हाडात दीर्घकाळ चर्चेचा विषय राहिला आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी कीर्तनांतून कर्ज काढून सण-समारंभ करण्यावर टीका केली. याच जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांच्या ग्रामगीतेत वैवाहिक जीवनावर स्वतंत्र अध्याय आहे. हुंडा आणि अवाजवी खर्च यांना त्यांचा विरोध होता. शेतकरी व शेतमजुरांच्या मुलींच्या सामूहिक किंवा नोंदणीकृत विवाहासाठी महाराष्ट्र शासनाची 'शुभमंगल' योजनाही आहे.

वऱ्हाडातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने कापूस किंवा सोयाबीनच्या एका खराब हंगामानंतर लग्नाचा खर्च कर्जाचे कारण बनू शकतो. लॉनचे भाडे, सजावट, भोजन आणि रोषणाई हे खर्च परंपरेने बहुधा वधूपक्षाकडे येतात. स्थळ वरपक्षाने ठरवावे आणि पैसे वधूपित्याने द्यावेत, ही रीत हुंड्याचेच दुसरे रूप धारण करू शकते. हुंडा प्रतिबंधक अधिनियम, १९६१ नुसार विवाहाच्या संदर्भात मौल्यवान वस्तू वा मालमत्तेची मागणी करणे गुन्हा आहे. दोन्ही कुटुंबांनी स्थळ एकत्र पाहून खर्च वाटून घेणे हा त्यावरील उपाय मानला जातो.

पाहुण्यांची संख्या हा खर्चाचा सर्वांत मोठा घटक असतो, कारण जागा, पाणी, भोजन आणि वाहनतळ हे चारही तिच्या प्रमाणात वाढतात. संख्या आधी निश्चित केल्यास लहान आवार, झाडांची सावली आणि परिसरातील साहित्य यांवर समारंभ भागू शकतो.

हे सुद्धा पहा

मंगल कार्यालय
मांडव
विवाह संस्कार
सत्यशोधक विवाह
सामुदायिक विवाह
खारपाण पट्टा
वऱ्हाडी बोली
कौंडण्यपूर